उलटी काढलेली नदी

मागच्या हिवाळ्यात माझे वडील, आबा, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडे नाशिकला येऊन राहिले होते. एका डोळ्यावर हिरवे कापड, दर चार तासांनी औषधाचे थेंब आणि दिवसभर करण्यासारखे काहीच नाही, अशा अवस्थेत ते बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत बसून उरलेल्या एका डोळ्याने घरावर देखरेख ठेवत. माझी धाकटी लेक तेव्हा तिसरीत होती. तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात ज्याच्या त्याच्या जिल्ह्याचीच माहिती असते. त्यावरून नाशिक जिल्ह्याचा नकाशा मोठ्या कार्डशीटवर काढून त्यात नद्या दाखवायच्या होत्या. सीमारेषा तिने स्वतः उमटवली. नद्यांपाशी आल्यावर तिचा हात थरथरू लागला, रात्रही बरीच झाली होती, म्हणून निळे स्केचपेन मी हातात घेतले. त्र्यंबकेश्वरापासून जाडजूड गोदावरी काढली, दक्षिणेकडून तिला दारणा आणून मिळवली, उत्तरेकडून कादवा आणली, नांदूर मधमेश्वरला संगम दाखवला आणि तिथे धाकटीने एक गुलाबी पक्षी बसवला. उरलेल्या नद्या मी जांभया देत उरकल्या. सकाळी आबांनी तो कागद एका डोळ्यासमोर धरला, वरच्या अंगाला असलेल्या एका बारीक रेघेवर बोट ठेवले आणि ते बोट हळूहळू खाली आणत गोदावरीपर्यंत आल्यावर थांबवले.

“हाई काय शे?” त्यांनी विचारले, आणि मी काही बोलण्याच्या आतच म्हणाले, “आपली नदी गंगाले जात नही.”

ती रेघ मोसम नदीची होती. गिरणा आणि आरम यांच्याबरोबर मी तिलाही दक्षिणेकडे वळवून गोदावरीत सोडून दिले होते. “पेन घसरले,” असे मी म्हणाले. पेन घसरले नव्हते. मुल्हेर आणि नामपूर यांच्या दरम्यानच्या एका गावात, त्या नदीच्या काठावर मी लग्नापर्यंतची तेवीस वर्षे काढली. तिच्यात कपडे धुतले, तिच्या डबक्यात बुडता बुडता वाचले. तरीही रात्री अकरा वाजता झोपेच्या तंद्रीत माझ्या हाताने तिला जी दिशा दिली, ती माझ्या सासरची होती. आबा पुढे काही बोलले नाहीत. त्यांनी कागद नीट गुंडाळून धाकटीच्या हाती दिला आणि थेंबांची वेळ झाली का, एवढेच विचारले. त्यांनी चार शब्द सुनावले असते, तर बहुधा मी ही गोष्ट विसरून गेले असते.

शहरात राहणाऱ्या माणसाला नाशिक जिल्हा म्हणजे गोदावरीच वाटते, यात नवल नाही. इथे तिला कोणी गोदावरी म्हणतही नाही. गंगा म्हणतात, आणि गंगेवर जाऊन येतात. पण जिल्हा एका नदीचा नाही. आमच्या जुन्या घराला कौलारू छप्पर होते, पाऊस लागला की आबा ओसरीत बसून मला विचारीत, “आढ्यावर बरोबर मध्ये थेंब पडला, तर कुठल्या पाख्यावरून उतरेल?” मी रोज वेगळे उत्तर देई आणि ते रोज हसत. पुढे कळले की आमचा सगळा जिल्हाच तसा शाकारलेला आहे. पूर्व–पश्चिम गेलेली सातमाळ्याची रांग, सप्तशृंगीपासून धोडप, चांदवड करीत अंकाई-टंकाईपर्यंत जाणारी, हे त्याचे आढे. तिच्या दक्षिणेच्या पाख्यावर पडलेले पाणी कादवेतून गोदावरीत जाते आणि साऱ्या दख्खनची वाट तुडवून बंगालच्या उपसागराला मिळते. उत्तरेच्या पाख्यावरचे पाणी गिरणेचे, म्हणजे शेवटी तापीचे. शिवाय पश्चिमेला तिसरी वळचण आहेच: पेठ आणि सुरगाण्याकडचा धो धो पाऊस नार, पार, दमणगंगा घेऊन जातात आणि घाट उतरून सरळ अरबी समुद्र गाठतात. त्र्यंबकेश्वराच्या परिसरातूनच गोदावरी पूर्वेला निघते आणि वैतरणा पश्चिमेला, हे शाळेत पाठ केलेले वाक्य. पण पाठ केलेल्या गोष्टी हाताला लागत नाहीत, याचा पुरावा त्या कार्डशीटवर निळ्या शाईत होता.

आमच्या मोसमीची वाट तर या सगळ्यांत विचित्र आहे. ती साल्हेरच्या परिसरात जन्मते. साल्हेर १५६७ मीटर उंच. कळसूबाईनंतर राज्यात दुसऱ्या क्रमांकाचे शिखर. त्याच्या माथ्यावर पश्चिमेचा वारा इतका ओला लागतो, की समुद्र फार लांब नसावा हे कोणी न सांगताही समजते. पण मोसम त्या समुद्राकडे पाठ करते. उत्तरेला सेलबारीची रांग आणि दक्षिणेला डोलबारीची, यांच्या मधल्या चिंचोळ्या खोऱ्यातून ती पूर्वेला धावत सुटते. मुल्हेर, ताहाराबाद, नामपूर मागे टाकते, मालेगावातून जाते आणि गावाबाहेर गिरणेला मिळते. गिरणा तिला आणखी पूर्वेला, चाळीसगावच्या बाजूला नेते, मग उत्तरेकडे वळून तापीच्या स्वाधीन करते. आणि तापी त्या सगळ्या पाण्याला माघारी फिरवून, सारा खानदेश ओलांडून, सुरतेजवळ त्याच अरबी समुद्रात घालते. जो समुद्र उशाला होता त्याच्याकडे जायला इतका वळसा. हे मी नकाशावर बोट फिरवून धाकटीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “रस्ता चुकली असेल.” मला मात्र लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझीच कितीदा एसटी चुकली होती ते आठवले.

त्या वर्षांत नाशिकहून माहेरी जायचे म्हणजे पिंपळगाव, सोग्रस फाटा, मग भावडबारीचा घाट, देवळा, सटाणा आणि तिथून दुसरी गाडी. आमच्याकडे खिंडीला बारी म्हणतात. भावडबारी, सेलबारी, डोलबारी, हरणबारी: डोंगराने जिथे जिथे माणसाला वाट दिली, तिथे हा शब्द चिकटलेला आहे. भावडबारी चढताना गाडीचे इंजिन घुमू लागे, पुढच्या बाकावरच्या बाया लिंबू नाकाशी धरत, कंडक्टर तिकिटांचा हिशेब मिटवून दाराशी उभा राही. माथा ओलांडला की गाडीचा आवाज एकदम हलका होई आणि खिडकीतून येणारा वारा कोरडा. पुढे देवळ्याच्या थांब्यावर माणसांच्या बोलण्यात आमच्या अहिराणीतला ‘शे’ ऐकू येऊ लागे. ते ऐकले की माझी पाठ आपोआप बाकाला टेके. आढे ओलांडून मी आपल्या पाख्यावर आले आहे, हे तेव्हा मनातही आले नसेल. पण पाण्याच्या वाटणीची ती रेषा माझ्या अंगाला ठाऊक होती एवढे खरे. आता आम्ही मोटारीने जातो, काचा वर असतात, आणि बारी कधी गेली ते फोनमधून डोके वर काढल्यावर कळते.

आबांनी नदी कधी नकाशावर पाहिली असेल असे मला वाटत नाही. त्यांची नदी बंधाऱ्यापाशी सुरू होई आणि फडाच्या शेवटाला संपे. आमच्या बागलाणात, म्हणजे सटाण्याकडच्या भागात, ज्याला फड म्हणतात ती व्यवस्था कित्येक पिढ्यांची. नदीच्या पात्रात दगडचुन्याचा बंधारा घालायचा, त्याच्या एका अंगाने पाट काढायचा, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून बारे, आणि सगळे पाणी निव्वळ उताराने रानात न्यायचे. भिजणाऱ्या जमिनीचे चार फड पाडलेले. आमच्या घराची चारही फडांत एकेक पट्टी होती, तशी ती बहुतेक घरांची होती. कोणत्या फडात यंदा काय लावायचे हे एकट्या मालकाच्या मर्जीवर नसे. एका फडात ऊस ठरला की त्या फडातल्या सगळ्यांनी ऊसच लावायचा. दुसऱ्यात गहू तर सगळ्यांचा गहू. पुढच्या वर्षी पाळी पुढे सरकणार. दुष्काळी साल असले आणि बंधाऱ्यावरून पाणी बारीक पडू लागले, की भिजवायचे क्षेत्रच कमी करत, म्हणजे सगळ्यांचेच थोडे थोडे बुडे. एखाद्याचा मळा हिरवागार आणि शेजारचा करपलेला, असे चित्र मी लहानपणी फडात पाहिले नाही.

यातली मला सर्वांत नवलाची वाटणारी गोष्ट ही, की शेतकरी आपल्या पिकाला स्वतः पाणी देत नसे. ते काम पाटकऱ्याचे. कुदळीच्या एका ओढीने बारे फोडायचे, एका ओढीने बुजवायचे, रात्र असो की पहाट. पाटाला पाणी आहे तोवर ते निजत नाही, म्हणून पाटकरीही निजत नाही. आमचा पाटकरी काळाकभिन्न, पायाच्या नख्या पाण्याने पांढऱ्या पडलेला म्हातारा होता. तो अंधारात वाफा भिजला का हे पाहत नसे, ऐकत असे. कोरड्या मातीत पाणी शिरताना बारीक चुर्र आवाज येतो, तो थांबला की वाफा भरला. एका रात्री आबा मला खांद्यावर बसवून फडात घेऊन गेले होते, तेव्हा त्याने मला तो आवाज ऐकवला. गव्हाच्या ओंब्यांचा वास, चिखलाचा गार वास आणि त्याच्या बिडीचा वास असे तीन वास त्या आवाजाला माझ्या मनात कायमचे चिकटले आहेत. त्याच्या कामाची मजुरी पैशांत नसे. खळ्यावर धान्य, गुऱ्हाळावर गूळ, असे प्रत्येक घराने द्यायचे. पिकांची राखण करणारा जागल्या वेगळा, आणि सगळ्यांवर पंच. पावसाळ्यानंतर पाटातला गाळ काढायला घरटी माणसे जायची, ज्याची जमीन जास्त त्याची माणसे जास्त.

हे सगळे लिहिताना गोड वाटते, म्हणून थोडे थांबायला हवे.

पंचांच्या बैठकीत मी कधी बाई पाहिली नाही. आईच्या हाताला फडातल्या प्रत्येक पट्टीची माती माहीत होती, निंदणी तिची, कापणी तिची, पण यंदा कुठल्या फडात ऊस हे तिला आबा जेवताना सांगत, आणि तेही विचारले तर. जागल्या रात्रभर ज्या उसाची राखण करी, त्यातले कांडे मोडून घेण्याचा हक्क त्याला होता की नाही यावर भांडणे होत. ज्या वस्तीतून तो येई, त्या वस्तीची एकही पट्टी फडात नव्हती. फडाबाहेरची जमीन म्हणजे कोरडवाहू. तिचे मालक पाटाच्या पलीकडे उभे राहून वाहते पाणी बघत. समान वाटणी खरी, पण पंगतीत ज्यांची पाने मांडली होती त्यांच्यापुरती. माझ्या एका चुलत्याला द्राक्षे लावायची होती, आणि फडाने ती लावू दिली नाहीत. ते वर्षभर आबांशी बोलले नाहीत. पुढे त्यांनी फडाबाहेर जमीन घेतली, विहीर खोदली आणि आज त्यांच्या नातवांचा डाळिंबाचा बाग ठिबकवर आहे. तेव्हा कोण चुकले होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

बायकांची नदी वेगळी होती आणि ती बंधाऱ्याच्या खाली होती. धुण्याचे दगड ठरलेले असत. कोणता दगड कोणाचा हे सातबाऱ्यावर नव्हते, तरी त्यावरून भांडणे सातबाऱ्याइतकीच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसे, रात्र जागून काढली जाई, आणि सोमवारी डोक्यावर चौरंग घेऊन वाजतगाजत तिला नदीवर बोळवायला नेत. तेव्हा पाणी मांड्यांपर्यंत, मातकट आणि ओढ असलेले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र पात्र उघडे पडे. माहेरवाशिणी झोके घेत, गौराईची गाणी म्हणत नदीत उतरत आणि पलीकडच्या काठावरच्या गावातल्या पोरींची गाण्यातून उणीदुणी काढत. त्यांच्याकडूनही सव्याज परतफेड होई. वाळू इतकी तापलेली असे की उभे राहून शिव्या देणे अवघड, उड्या मारत द्याव्या लागत. त्याच वाळूत हातभर खड्डा केला की तळाशी पाणी झिरपे. आता हात गेला तर खाली मुरूम लागतो. वाळू शहरांच्या बांधकामांवर गेली. काही आमच्या नाशिकच्या इमारतीतही असेल.

हरणबारीचे धरण झाले तेव्हापासून नदीचे वागणे पाळीचे झाले. पूर्वी ती वाहे किंवा आटे. आता ती ‘सुटते’. आवर्तन, म्हणजे धरणाच्या पाण्याची पाळी, सुटले की चार-सहा दिवस गाव खुशीत, मग पुन्हा दगड. धरणाने पाणी अडवले आणि विहिरींना आधारही दिला, हेही तितकेच खरे. नुसते रडगाणे गाणाऱ्यांत मला बसायचे नाही. पण ज्याच्या विहिरीला पाणी आले, त्याला पाटकऱ्याची गरज उरली नाही, आणि ज्याला पाटकऱ्याची गरज नाही, तो गाळ काढायला माणूस कशाला पाठवील? फड कोणी मोडला असे सांगता येत नाही. एकेका वर्षी एकेक जण आला नाही, एवढेच.

आणखी एक गोष्ट, जिचा या सगळ्याशी संबंध आहे की नाही मला सांगता येणार नाही. नाशिकला पूर आला की लोक गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले ते विचारतात, आणि फार मोठा पूर असला तर काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेकडे बघतात. सासरी आल्यावर पहिल्या मोठ्या पुराच्या वेळी सासऱ्यांनी मला ती घंटा दाखवायला नेले होते. मला तिचे अप्रूप वाटण्याऐवजी हसू आले, कारण ते देऊळ बांधणारे पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहादूर हे नाव मला माहेरचे होते: मालेगावात मोसमीच्या काठावर उभा असलेला भुईकोट किल्ला त्यांनीच १७४० साली बांधायला घेतला. लहानपणी मालेगावच्या बाजाराला गेलो की मोसम पुलाच्या बाजूला तो दिसे. माझ्या दोन्ही नद्यांवर घरचा असल्यासारखा वावरलेला हा एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि त्याला तरी दोन्हीकडे दगड रचावे लागले.

नकाशाचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. स्केचपेनची शाई खोडरबराने जात नाही. धाकटीने इतके घासले की कागदाला भुसभुशीत लव आली. मग आम्ही पांढऱ्या कागदाची पट्टी कापून सातमाळ्याच्या जागी चिकटवली, तिच्यावर तपकिरी डोंगर काढले, आणि तिच्या वर गिरणेला नवी वाट दिली. उजेडासमोर धरले की डोंगराखालून चुकीची निळी रेघ अजून दिसे. आबा हे सारे पाहत होते. दुपारी त्यांनी धाकटीकडे कोरा कागद मागितला आणि तिच्या पेन्सिलीने स्वतःचा नकाशा काढला. वर एक आडवी रेघ, तो बंधारा. तिच्या टोकापासून पाट. पाटाला माशाच्या काट्यांसारख्या चाऱ्या. चार चौकोन, त्यांवर ‘ऊस’, ‘गहू’, ‘हरभरा’ आणि चौथ्यात काहीच नाही, कारण तो विसावलेला. आमच्या पट्ट्या त्यांनी काळ्या केल्या. पाटकऱ्याच्या झोपडीला एक ठिपका. धाकटीने विचारले, “आबा, यात नदी कुठे आहे?” त्यांनी कागद एका डोळ्याजवळ नेला, बराच वेळ शोधले आणि कडेला एक अरुंद पांढरी जागा होती तिथे बोट ठेवले. तिथे त्यांनी काही काढलेच नव्हते.

आखाजीला आम्ही गावी गेलो. आबांची दृष्टी आता चांगली आहे, चालणे मात्र मंदावले आहे. तरी धाकटीला घेऊन ते बंधाऱ्यावर गेले आणि मी मागून. बंधाऱ्याचे दगड अजून एकमेकांना धरून आहेत. एका जागी सांध्यातून उंबराचे रोप निघाले आहे. दोन दिवसांपूर्वी आवर्तन सुटले होते, त्यामुळे पात्रात घोटाभर पाणी होते आणि पाटाच्या तोंडाशी, गाळाच्या उंचवट्यावरून, त्यातले थोडेसे आत वळत होते. आम्ही पाटाच्या कडेने चालत गेलो. वरच्या फडात एकाचे टोमॅटो, एकाचा कांदा, एकाने नुसतेच कुंपण घातलेले. पाटात कुठे पाणी, कुठे नुसती ओल, कुठे प्लास्टिकच्या पिशव्या. शेवटच्या फडापाशी पाट संपतो, आणि त्यातून वाचलेले पाणी एका घळीतून पुन्हा नदीत उतरते. पूर्वी तिथे सतत धार असे, आता दगडांवर शेवाळाची ओली पट्टी होती आणि खाली थेंब थेंब पडत होते.

धाकटीने वाकून पाहिले. “इथून पुढे कुठे जाते?” तिला गिरणा, तापी, सुरत सगळे पाठ होते, ती आबांची परीक्षा घेत होती.

आबा घळीच्या काठावर बसले. त्यांनी पायातली चप्पल काढून आपटली, आतली वाळू झाडली.

“पुढचं पुढच्या गावाचं,” ते म्हणाले. “आपण खाली सोडायचं एवढंच.”